चिठ्ठी मिक्सरला आहे, तुम्हाला नाही

पत्र (थोडं आटोपशीर करून):

"आम्ही मूळचे चिंचवडचे. नवऱ्याला कंपनीने जर्मनीला पाठवलं म्हणून जानेवारीत स्टुटगार्टजवळच्या एसलिंगनला आलो. मुलगी पहिलीत, मुलगा चार वर्षांचा. सध्या सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्यात. खालच्या मजल्यावर सत्तरीच्या एक बाई एकट्या राहतात. त्यांच्या आतापर्यंत तीन चिठ्ठ्या आल्या. रविवारी सकाळी मिक्सर लावू नका. काचेच्या बाटल्या रविवारी टाकायला जाऊ नका. आणि जिन्याची पाळी तुमची होती, तुम्ही पुसला नाहीत. समोर आल्या की 'हालो' म्हणतात, पुढे एक शब्द नाही. पार्सलं मात्र आमची त्याच घेऊन ठेवतात. मुलीला वर्गातल्या मैत्रिणीने वाढदिवसाला बोलावलं, मी धाकट्यालाही नेलं, तर तिच्या आईने दारातच सांगितलं की बोलावणं फक्त मोठीला आहे. एका ओळखीच्या घरी कॉफीला गेलो. केकच्या दुसऱ्या तुकड्याला मी 'नको नको' म्हटलं, तर त्यांनी बशीच उचलून आत नेली! बसमध्ये सासूबाई नणंदेशी व्हिडिओ कॉलवर बोलत होत्या, तर एक आजोबा खेकसले. शाळेत मुलीने मेथीच्या पराठ्याचा डबा उघडला की दोघी मुली नाक दाबतात, आणि बाई मला म्हणाल्या, दुसरं काही देता येईल का बघा. नवरा म्हणतो, ऑफिसात तर सगळे छान वागतात, तूच मनाला लावून घेतेस. या लोकांना आम्ही नकोच आहोत का? आणि अशा घरात गणपती बसवायचा की नाही?"

– चिंचवडची, मुक्काम एसलिंगन

चिंचवडकर ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य आधी तुम्हालाच परत वाचून दाखवते. "पार्सलं मात्र आमची त्याच घेऊन ठेवतात." हे तुम्ही जाता जाता लिहिलंत. इथला कुरियरवाला घरी कोणी नसलं की हाताला लागेल ती बेल दाबतो, आणि शेजाऱ्याचं खोकं घ्यायचं की नाही हे ज्याचं तो ठरवतो. घेतलं तर ते स्वतःच्या पॅसेजमध्ये ठेवायचं, तुम्ही याल म्हणून दाराकडे कान ठेवायचा, आणि तुम्ही दोन दिवस आला नाहीत तरी त्याला अडखळत बसायचं. ज्यांना तुम्ही नकोच आहात, त्या हे करत नाहीत. (खोकं आणायला त्याच दिवशी जात जा. तुमच्या पेटीत चिठ्ठी पडलेली असते, ती दुसऱ्या दिवशीवर ढकलू नका.)

आता त्या तीन चिठ्ठ्या. ताई, तुम्ही पुण्याच्या परिसरातल्या. "दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये", "गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल", "जिना मांजरासाठी नाही" असल्या पाट्या वाचत मोठ्या झालेल्या बाईला तीन चिठ्ठ्यांनी एवढं खचून जावं, याचं मला खरंच नवल वाटलं. पुणेरी पाटी वाचून आपण हसतो, कारण ती कुणा एकाला उद्देशून नाही हे आपल्याला ठाऊक असतं. इथली चिठ्ठी त्याच जातीची आहे. ती मिक्सरला लिहिलेली असते, बाटल्यांना लिहिलेली असते. तुम्ही ती तुमच्या आईवडिलांच्या संस्कारांना लिहिली आहे असं समजून वाचता.

आणि रविवारचं म्हणाल, तर तो त्या बाईंचा खाजगी हट्ट नाही. रविवार हा विश्रांतीचा दिवस म्हणून जपायचा, हे १९१९ च्या वायमार राज्यघटनेत लिहिलं गेलं आणि तेच कलम आजच्या जर्मन राज्यघटनेत जसंच्या तसं घेतलं आहे. म्हणून रविवारी दुकानं बंद, ड्रिल बंद, गवत कापायचं यंत्र बंद. काचेच्या मोठ्या पेट्यांवर टाकायच्या वेळा लिहिलेल्या असतात, कारण बाटली फुटल्याचा आवाज चार इमारतींत जातो. रात्री १० ते सकाळी ६ शांतता सगळीकडेच. दुपारी १ ते ३ ची शांतता तुमच्या इमारतीच्या नियमावलीत आहे का, तेवढं बघून घ्या. ती नियमावली भाडेकरारालाच जोडलेली असते. बहुतेक जण सही करतात आणि फायलीत लावून मोकळे होतात.

मिक्सरवर उपाय सोपा आहे. शनिवारी संध्याकाळीच खोबरं, दाण्याचं कूट, आलं-लसूण वाटून डब्यांतून फ्रीजरला टाका. मिक्सरखाली जाड टॉवेलची घडी ठेवा, म्हणजे ओट्याची थरथर खाली उतरत नाही. सासूबाई खलबत्ता घेऊन आल्या असतील तर (सासूबाई येताना खलबत्ता आणतातच, वीस किलोंच्या सामानात तो बसतो कसा हे त्यांनाच ठाऊक) तो ओट्यावर नको, टेबलावर टॉवेल घालून वापरा. कुटण्याचा आवाज भिंतीतून मिक्सरपेक्षा लांब जातो.

तुम्ही विचारलं नाहीत, पण चौथी चिठ्ठी यायच्या आत सांगून ठेवते. फोडणीचा खाट उठला की आपण सवयीनं फ्लॅटचं दार उघडतो, हवा खेळावी म्हणून. इथे ते दार जिन्यात उघडतं, आणि मिरचीचा ठसका वरच्या मजल्यापर्यंत सगळ्यांना मिळतो. दार घट्ट लावा आणि खिडकी सताड उघडा, पाच-दहा मिनिटं, थंडीतसुद्धा. तसंही दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या उघडून हवा बदलायची असतेच. नाहीतर बाहेर थंडी, आत वरणभाताची वाफ आणि वाळत घातलेले कपडे, यानं हिवाळ्यात कोपऱ्यांना बुरशी धरते. मग घरमालक ती तुमच्या माथी मारतो, आणि तो वाद चिठ्ठीवर मिटत नाही.

तिसरी चिठ्ठी मात्र हसण्यावारी नेऊ नका. तुम्ही स्वाबियन मुलखात, म्हणजे स्टुटगार्टच्या आसपासच्या भागात आहात, आणि इथे जिन्याची पाळी म्हणजे 'केअरवोखे' हे प्रकरण फार जुनं आहे. त्याचं मूळ लोक १४९२ सालच्या स्टुटगार्टच्या नगरनियमांपर्यंत नेतात. स्टुटगार्ट पालिकेनं आपली सक्ती १९८८ मध्ये उठवली, पण भाडेकरारांतून आणि लोकांच्या अंगातून ती गेली नाही. तुमच्या दाराच्या मुठीला कधी दोरीनं एक छोटी पाटी अडकवलेली सापडली का? ती शोभेची वस्तू नव्हती. ती ज्याच्या दाराला, त्याची त्या आठवड्याची पाळी. आठवड्याच्या शेवटी जिना झाडून, ओल्या फडक्यानं पुसून, पाटी पुढच्या बिऱ्हाडाच्या दाराला अडकवायची. छोट्या पाळीत आपल्या मजल्यावरचा जिना येतो. मोठ्या पाळीत अंगण, दारासमोरचा फुटपाथ, तळघर, आणि हिवाळ्यात बर्फ. बर्फ कामाच्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास बाजूला झालेला लागतो. कोणी घसरून पडलं तर पाळी कोणाची होती हा प्रश्न वकिलापर्यंत जाऊ शकतो.

माझा सल्ला, शनिवारी सकाळी दहा-अकराला पुसा. जिन्यात कोणी ना कोणी भेटेल अशा वेळी. बादलीचा थोडा आवाज झाला तर बिघडत नाही, हा एक आवाज इथे कोणालाही खुपत नाही. स्वाबियन माणसाच्या लेखी जिना स्वच्छ असणं जितकं महत्त्वाचं, तितकंच तो पुसताना तुम्ही दिसणंही.

आणि तो तुम्ही पुसू नका. तुमच्या नवऱ्याला पुसू दे.

हे मी गमतीनं म्हणत नाही. तुमच्या पत्रात चिठ्ठ्या आहेत, शाळा आहे, बस आहे, वाढदिवस आहे, कॉफी आहे. या सगळ्या ठिकाणी तुम्ही आहात, सासूबाई आहेत, मुलं आहेत. नवरा फक्त ऑफिसात आहे. चाकणहून स्टुटगार्टला आलेल्या इंजिनियरला ऑफिसात काय दिसतं? इंग्रजीत चालणाऱ्या मीटिंगा, निम्मी टीम बाहेरदेशची, चाकणचा प्लांट स्वतः बघून आलेला साहेब, कॅन्टीनमध्ये शाकाहारी पदार्थ. त्याला जर्मनी भेटते ती मऊ बाजूनं. तुम्हाला भेटते ती जिन्यात, पार्किंगमध्ये, शाळेच्या फाटकाशी, आणि तीसुद्धा जर्मन भाषेत. "तूच मनाला लावून घेतेस" हे म्हणण्याचा हक्क तीन चिठ्ठ्यांपैकी एक तरी स्वतः वाचून, तिचं उत्तर स्वतः देणाऱ्याला आहे. तेव्हा जिना त्याच्याकडे, बाटल्या त्याच्याकडे, आणि शाळेची पालकसभाही त्याच्याकडे. ती संध्याकाळी असते, ऑफिसची सबब चालत नाही. तुम्ही त्या संध्याकाळी घरी बसा किंवा फोल्क्सहोखशूलच्या जर्मन वर्गाला जा. जवळपास प्रत्येक शहरात ही प्रौढांची शाळा असते, फी आवाक्यातली असते, आणि वर्गात तुमच्यासारख्याच नवऱ्यामागून आलेल्या दहा देशांच्या बायका भेटतात.

आता त्या खालच्या बाई 'हालो'च्या पुढे का जात नाहीत? आपल्याकडे सोसायटीत टेम्पो उतरायला लागला की शेजारीण चहाचा थर्मास घेऊन येते, पाणी भरून ठेवलंय का विचारते, आणि पाच मिनिटांत तुमचं आडनाव, गाव, नोकरी काढून घेते. पुढाकार तिथल्या जुन्या माणसानं घ्यायचा. इथे उलट आहे. नव्यानं आलेल्यानं प्रत्येक दाराची बेल वाजवून सांगायचं की आम्ही आलो, आमची नावं ही. तुम्ही जानेवारीपासून थर्मासची वाट बघताय आणि त्या जानेवारीपासून बेलची. त्यांच्या बाजूनं बघाल तर वर एक कुटुंब आलं, ओळखही करून दिली नाही, आणि रविवारी सकाळी काहीतरी दळायला लागलं.

अजून उशीर झालेला नाही. शनिवारी दुपारी चारच्या सुमारास जा, जेवणाच्या वेळी नाही. चौघंही जा, सासूबाईंनाही घ्या, म्हातारी माणसं म्हाताऱ्या माणसांशी भाषेशिवायही बरं बोलतात. बेसनाचे लाडू न्या, थोडेच, सहा पुरेत. डबाभर दिलेत तर त्यांना त्याची परतफेड कशी करायची ही चिंता लागेल. वर काजू लावले असतील तर तसं सांगा, ॲलर्जीची इथे फार धास्ती असते. "विर झिंट दी नॉयेन नाखबार्न फॉन ओबेन", आम्ही वरचे नवे शेजारी, एवढं पाठ करून जा. त्या "नवे?" म्हणून भुवई उंचावतील, तेवढं सहन करा. फ्राऊ (म्हणजे श्रीमती) आणि आडनाव, असंच हाकारा, आजी नको, नावानंही नको. एका कागदावर तुमचा फोन नंबर लिहून द्या आणि म्हणा, आवाज झाला तर बेल वाजवा. आत बोलावतीलच असं नाही. दारातच बोलून निरोप दिला, तरी तो अपमान नव्हे.

केकच्या बशीचं वाचून मला हसू आलं, माफ करा. 'नको' म्हटल्यावर दोनदा आग्रह व्हायचा आणि तिसऱ्यांदा आपण "बरं, अर्धाच द्या" म्हणायचं, हा खेळ इथे कोणाला माहीतच नाही. त्यांनी तुमचा शब्द खरा मानला. तुमच्या मनाविरुद्ध पानात वाढणं हाच त्यांच्या लेखी उद्धटपणा. भूक असेल तर पहिल्याच वेळी "या, गेर्न" (हो, आवडेल) म्हणा आणि घ्या. (चिंचवडची माणसं म्हणतील, हे तर सदाशिव पेठेतलंच झालं. म्हणू दे.) याचंच उलटं टोक तुमच्याकडे कोणी आलं की सांभाळा. पाहुणा 'नको' म्हणाला तर वाढू नका, तुमची पोळी पानात तशीच पडून राहील आणि दोघांचाही विरस होईल. बोलावणं साडेतीनचं असेल तर साडेतीनला पोचायचं. फार तर पाच मिनिटं इकडेतिकडे, आणि लवकर तर मुळीच नाही. कॉफीच्या बोलावण्यात जेवण नसतं, साडेपाचला उठायचं.

वाढदिवसाचंही तेच. किती मुलं हे मोजलेलं असतं, खुर्च्या, केकचे तुकडे, घरी न्यायच्या पिशव्या, सगळं नावानिशी. पुष्कळ घरांत तर जेवढं वय तेवढेच पाहुणे असा रिवाज आहे. त्या आईनं धाकट्याला नाकारलं नाही, तिच्याकडे आठवी पिशवी नव्हती. पण दारातून परत फिरताना चार वर्षांच्या पोराचं तोंड कसं झालं असेल हे मला दिसतं, आणि तुमचंही. पुढच्या वेळी त्याच दोन तासांत त्याला बाबांबरोबर पोहायला पाठवा. एक मात्र लक्षात ठेवा, इथे वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी देत नाहीत, अपशकुन मानतात. आणि ऑफिसात नवऱ्याचा वाढदिवस असेल तर केक त्यानंच न्यायचा.

बसमधल्या आजोबांबद्दल फार लिहीत नाही. खेकसायला नको होतं. पण स्पीकरवरचा व्हिडिओ कॉल इथे जर्मन नातवंडांनी केला तरी म्हातारे खेकसतात. सासूबाईंना इअरफोन घेऊन द्या.

डब्याची गोष्ट मात्र मी या यादीत धरत नाही. मिक्सर, जिना, केक, वाढदिवस, हे नियम सगळ्यांना सारखे आहेत. खालच्या बाई दुसऱ्या मजल्यावरच्या जर्मन बिऱ्हाडालाही चिठ्ठ्या लावतात का, ते जरा चौकशी करून बघा. मला खात्री आहे की लावतात. मेथीच्या पराठ्यावर नाक दाबणं हा कुठला नियम नव्हे. शाळेतल्या बाईंनी दोन मुलींना समजावण्याऐवजी एका मुलीला डबा बदलायला सांगितलं, कारण ते सोपं होतं. इथे तुम्ही हळव्या नाही आहात.

शिक्षिकेची वेळ मागून घ्या, फाटकाशी उभ्या उभ्या बोलू नका. नवऱ्याला घेऊन जा. तक्रारीच्या सुरात नको, विचारा: डब्यात काय असावं याबद्दल शाळेचा लेखी नियम आहे का? गोड नको, नट्स नकोत असे नियम असतात, ते असतील तर पाळा. पराठ्याबद्दल काही नसेल तर पुढचा प्रश्न: मग नाक दाबण्याबद्दल वर्गात काय करणार आहात? प्रश्न साधा आणि सरळ असला की जर्मन शिक्षक त्याला सरळ उत्तर देतात. आपल्यासारखं आडून सुचवलंत तर त्यांना कळणारच नाही की तुम्ही काही मागितलंत.

आणि त्याआधी मुलीला विचारा, तिला डब्यात काय हवंय. ती म्हणाली की ब्रेड, चीज आणि काकडीच दे, तर तेच द्या. सात वर्षांच्या मुलीनं मधल्या सुट्टीत महाराष्ट्राचा झेंडा मिरवायची गरज नाही. मेथीचा पराठा दुपारी घरी गरम मिळेल. ती म्हणाली की मला पराठाच हवा, तर मात्र तुम्ही तिच्या पाठीशी उभं राहायचं, बाईंना अवघड वाटलं तरी.

असाच फरक पुढेही करत जा. चिठ्ठीत "मिक्सर" असेल तर मिक्सर बघा. "तुम्ही लोक" असं असेल, किंवा एखादा नियम फक्त तुमच्याच दाराशी येऊन थांबत असेल, तर गप्प बसू नका. चिठ्ठी जपून ठेवा, तारीख लिहून ठेवा. घर भाड्यानं देताना, नोकरीत किंवा दुकानात वंशावरून भेदभाव करायला २००६ च्या कायद्यानं मनाई आहे, आणि केंद्र सरकारचं भेदभावविरोधी कार्यालय फुकट सल्ला देतं. घरमालकाशी वाजलं तर गावातला भाडेकरू संघ आहे, वर्गणी भरून सभासद व्हा. बहुतेक तुम्हाला यातलं काही लागणार नाही.

राहिला गणपती. बसवा की! यंदा, २०२६ मध्ये, चतुर्थी १४ सप्टेंबरला सोमवारी आहे, आणि तुमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा त्याच दिवशी उघडते. मुलीला घरी ठेवून "आजारी आहे" असं कळवू नका. शाळेची सक्ती इथे कडक आहे, खोटी दांडी दंडापर्यंत जाते. धार्मिक सणासाठी सवलत हवीच असेल तर मुख्याध्यापकांना आधीच लेखी विचारा. मी असते तर पूजा सकाळी उरकून आरती संध्याकाळी ठेवली असती. सहा ते पावणेसात, आणि आठवडाभर आधी जिन्यातल्या फलकावर लिहून लावलं असतं: अमुक दिवशी आमच्या घरी सण आहे, पाऊण तास गाणी आणि टाळ्या ऐकू येतील, नंतर सगळ्यांना प्रसाद. टाळ चालतील, झांजा जरा जपून, ढोलकी नको. दिवाळीतही फटाक्यांचा विचार करू नका, ते इथे वर्षाअखेरीलाच विकतात आणि उडवतात. मूर्ती शाडूची, वीतभर उंचीची घ्या. विसर्जन नेकार नदीत नाही, घरीच बादलीत करा. दोन दिवसांत माती विरघळली की ते पाणी बाल्कनीतल्या कुंड्यांना घाला, सिंकमध्ये ओतू नका, पाइप तुंबतो आणि प्लंबर महाग आहे.